संगीत नाटकांचं विडंबन: चार गायक नट, एक पेटी, एक तबला आणि ७५ मिनिटं. बांधणी कशी करावी?

दुसरी_रांग (प्रश्न)

न्यूयॉर्कच्या ‘फॉरबिडन ब्रॉडवे’च्या धर्तीवर मराठी संगीत नाटकांच्या विडंबनाचा कार्यक्रम बसवायचा आहे. ज्यांना ‘फॉरबिडन ब्रॉडवे’ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेरार्ड अ‍ॅलेसँड्रिनी यांनी १९८२ साली एका सपर क्लबच्या छोट्या मंचावर तो सुरू केला. दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक पियानो, आणि त्या वेळी ब्रॉडवेवर गाजत असलेल्या संगीतिकांची त्यांच्याच चालींवर केलेली थट्टा. पुढे वर्षानुवर्षं नव्या नाटकांबरोबर मजकूर बदलत तो चालत राहिला. २००६ साली त्याला टोनी या अमेरिकी रंगभूमी पुरस्कारांचा विशेष सन्मानही मिळाला.

आमच्याकडे दोन गायक, दोन गायिका, ऑर्गन (म्हणजे पायपेटी) आणि तबला आहे. गाणारे चौघंही शास्त्रीय शिकलेले आहेत. सभागृह साधारण २५० खुर्च्यांचं. मध्यंतर नको, तिकीट लावायचं आहे.

अडचणी अशा:

१. कुठली नाटकं आणि कुठली पदं घ्यावीत?
२. मूळ चालीत नवे शब्द बसवले की गाताना ते कळत नाहीत. नेमकं काय चुकतंय?
३. चौघांत बारा-चौदा प्रवेश करायचे तर वेशबदल कसे जमवायचे?
४. हक्क आणि परवानगीचं काय?

---

पायपेटी

मूळ कार्यक्रमाचं भाषांतर करायचा विचार मनात असेल तर तो आधीच सोडा. त्यातला विनोद न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाच्या सवयींवर उभा आहे. घ्यायची ती त्यांची नजर. गाण्याचा विषय बदलून लोकांना हसवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. नाटकाची खोड पकडून ती त्याच नाटकाच्या चालीत नाटकालाच सांगणं, हे आहे. ‘ले मिझराब्ल’ १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आलं, तेव्हा त्याचा फिरता रंगमंच आणि पुरुषांना झेपणार नाहीत अशा उंच पट्ट्या ही त्यांची लक्ष्यं होती. ‘अ‍ॅनी’मधली अनाथ मुलगी त्यांनी वय वाढूनही तीच भूमिका शोधत फिरणारी बाई करून आणली. माइकशिवाय अख्खं थिएटर भरून टाकणाऱ्या एथेल मर्मन या जुन्या गायिकेचं सोंग त्यांनी माइक लावून गाणाऱ्या, ‘फँटम ऑफ द ऑपेरा’मधल्या फँटमसमोर उभं केलं. या शेवटच्या जोडीत तर एक अख्खा वाद आहे: नाटकातलं गाणं गळ्यातून यावं की ध्वनिक्षेपकातून?

आपल्याकडे हा वाद जसाच्या तसा आहे. बालगंधर्वांच्या काळातली नायिका आणि गालाला माइक चिकटवलेला आजचा नायक एकाच पदात समोरासमोर आणा. ती समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येते, त्याचा माइक शिट्टी मारतो. हा प्रवेश चार मिनिटं सहज तोलेल.

संगीत नाटकाच्या खोडी आधी कागदावर काढा आणि मग त्यांना नाटकं शोधा. उलट्या दिशेने गेलात तर ‘आपल्याला आवडणारी पदं’ एवढीच यादी हातात राहते. मला दिसणाऱ्या काही खोडी:

संकट दारात उभं आहे आणि पात्र विलंबितात आळवतंय. एक जण गातो तेव्हा दुसऱ्याने हाताचं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. मेलेलं पात्र वन्समोअरला उठून बसतं. सूत्रधार नटीला नाटकाचं नाव विचारतो, खरं तर नाटक त्यानेच बसवलेलं असतं. आणि साकी, दिंडी (ही दोन्ही जुनी वृत्तं), पद या क्रमाने तीच बातमी तीनदा कळते.

१९२१ साली लोकमान्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये केशवराव भोसले नायक धैर्यधर होते आणि बालगंधर्व नायिका भामिनी. दोन मोठे गायक, दोन मोठ्या मंडळ्या आणि एकच रंगमंच, यातच विडंबनाचा सांगाडा तयार आहे. दोन गायकांनी एकमेकांच्या वन्समोअरची मोजणी करायची, एवढंच. मात्र बालगंधर्वांचं स्त्रीरूप टिंगलीसाठी वापरू नका. नऊवारी, दागिने, चालणं यांची सफाई त्यांनी इतक्या उंचीवर नेली की बायका ती पाहून शिकत. तिथे हसू काढलं तर जाणता प्रेक्षक तुमच्यापासून तुटतो, आणि ते योग्यच आहे.

‘संशयकल्लोळ’ टाळा. ते मुळातच प्रहसन आहे, हसणाऱ्याला हसवता येत नाही. विडंबनाला गंभीर चेहरा लागतो. ‘शारदा’, ‘स्वयंवर’, ‘मानापमान’, ‘एकच प्याला’, ‘कट्यार काळजात घुसली’ ही भक्कम आहेत. (‘कट्यार’च्या हक्कांबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.) आणि ‘घाशीराम कोतवाल’मधला माणसांचा पडदा विसरू नका. तिथे ब्राह्मणांची अख्खी रांग आहे, तुमच्याकडे चौघं. चौघांनी तो पडदा धरायचा, भोक पडलं की धावत जाऊन बुजवायचं, आणि मागे काय चाललंय ते सगळं दिसतच राहायचं. शब्द न लिहिता मिळणारा हशा आहे हा.

एक अट मात्र पाळा. पहिले पंधरा दिवस मूळ पदं मूळ शब्दांत, पूर्ण गांभीर्याने बसवा. बेसूर गाऊन किंवा आवाज वेडावून मिळणारं हसू दुसऱ्या मिनिटाला आटतं. तान स्वच्छ पडली आणि तिच्यात ‘भाडं थकलं’ असे शब्द आले, तरच माणूस खुर्चीतून पुढे सरकतो.

---

लघुगुरू

शब्द कळत नाहीत याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात.

पहिलं, मात्रा. अक्षरं मोजून शब्द बसवले जातात आणि लघु-गुरू पाहिलेच जात नाहीत. मग गायक ऱ्हस्व अक्षर ताणतो, दीर्घ गिळतो, आणि कानाला वेगळाच शब्द ऐकू येतो. दिंडी घ्या. चरणात १९ मात्रा, ९ आणि १० अशी यती (मधला थांबा). आतली विभागणी बहुधा ३+६ आणि ३+३+४. नमुना म्हणून दोन ओळी लिहितो:

*पडे पडदा तरि पद न सरे माझे*
*पहा बाहेरी दूधगाडि वाजे*

मोजून पाहा: ‘पडे’ ३, ‘पडदा तरि’ ६, ‘पद न’ ३, ‘सरे’ ३, ‘माझे’ ४. दुसरीत ‘पहा’ ३, ‘बाहेरी’ ६, ‘दूध’ ३, ‘गाडि’ ३, ‘वाजे’ ४. ‘तरी’चं ‘तरि’ आणि ‘गाडी’चं ‘गाडि’ मुद्दाम केलंय. जुन्या पदांत ही सूट सर्रास घेतलेली आहे, त्यामुळे ती विडंबनातही शोभते. साकीला २८ मात्रा, १६ वर यती. साकी-दिंडी आधी लिहा. तिथे चालीचा गुंता कमी असल्याने हात बसतो.

दुसरं, स्वर. मूळ पदात तान किंवा लांब आलाप ज्या अक्षरावर आहे तिथे बहुतेकदा ‘आ’ आहे. तुम्ही तिथे ‘टी’ किंवा ‘कू’ आणून ठेवलंत की तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) आवाज बारीक होतो, तोंड मिटतं आणि शब्द हरवतो. नियम साधा ठेवा: तारसप्तकात आ, ए किंवा ओ. द्रुत तानेच्या आधीच्या अक्षरात जोडाक्षर नको. ‘व्यवस्थापक’ हा शब्द मध्यलयीत चालतो, दुगुणीत (दुप्पट लयीत) त्याची पार वाट लागते.

तिसरं, विनोदाचा शब्द चुकीच्या मात्रेवर पडणं. त्रितालातलं पद घेऊ. हशाचा शब्द समेवर उतरायला हवा आणि त्याच्या पुढे काही नको. कार्यक्रम बसवताना सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर १६ मात्रांचं आवर्तन ८ सेकंदांचं. शब्द समेवर पडला, पुढच्या ८ मात्रा फक्त ठेका वाजला, की ४ सेकंद मिळाले. चांगला हशा साधारण तेवढाच टिकतो. मग नवव्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या ‘खाली’वर, पुढची ओळ उचलायची. पुष्कळ पदांचा मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) तसाही तिथूनच उठतो, त्यामुळे थांबल्यासारखं वाटत नाही. हशा मोठा असेल तर आणखी एक पूर्ण आवर्तन जाऊ द्यायचं. त्यासाठी पेटीवाल्याची नजर प्रेक्षकांकडे हवी, पाठमोरं बसवू नका. लय १६० ला नेलीत तर त्याच ८ मात्रा ३ सेकंदांत संपतात आणि पुढची ओळ हशाखाली जाते. हशाच्या प्रवेशाला द्रुत लय घेण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

आता रचनेबद्दल. पहिली ओळ मूळ पदाच्या नादाच्या अगदी जवळ ठेवा, शक्य असेल तर यमकही तेच. पेटीने मूळ मुखडा एकदा कोरा वाजवायचा. प्रेक्षक पद ओळखतो, पहिल्या ओळीत थोडा चकतो, दुसऱ्या ओळीत वळण येतं. पहिल्याच ओळीत सगळं फोडलंत तर ओळखण्यातला आनंद आणि विनोदातला आनंद एकमेकांवर आदळतात.

संगीत नाटकाची एक ताकद विडंबनकाराला आयती मिळते: गायक शब्द मध्येच तोडतो. त्याचा उपयोग करा. उदाहरणार्थ, नट मालकाकडे मानधन मागतो आहे. पद आळवताना तो ‘मान’वर तीन आवर्तनं घोळवतो, तिहाई घेतो, म्हणजे तोच तुकडा तीनदा, ‘मान, मान, मान’, आणि ‘धन’ म्हणायला तोंड उघडतो तोच पडदा पडतो. कार्यक्रमात हेच पद तीनदा आणा. शेवटच्या वेळी ‘धन’ समेवर येऊ द्या आणि तबला बंद. अशा आवर्ती प्रवेशांमुळे सुटे तुकडे एकसंध होतात.

---

खालची_विंग

वरचं सगळं पटलं, पण एक शंका. तिशीतल्या प्रेक्षकाने ‘स्वयंवर’ पाहिलेलंच नसतं. खोड ओळखीची नसेल तर तिच्यावर हसणार कोण? ब्रॉडवेवाल्यांचं बरं आहे, मूळ नाटक दोन गल्ल्या पलीकडे त्याच रात्री चालू असतं.

---

पायपेटी

शंका रास्त आहे. दोन उपाय.

नाटक पाहिलेलं नसलं तरी पद कानावरून गेलेलं असतं. रेडिओ, गणपतीतले कार्यक्रम, आणि २०११ चा ‘बालगंधर्व’ व २०१५ चा ‘कट्यार’ हे चित्रपट यांनी बरीच पदं तरुणांपर्यंत पुन्हा नेली. निवड करताना वेगवेगळ्या वयाच्या दहा माणसांना फक्त पेटीवर मुखडा ऐकवा. सहांनी ओळखला तर घ्या, तिघांनी ओळखला तर सोडा. तुम्हाला ते कितीही प्रिय असलं तरी.

दुसरा उपाय तमाशातून घ्या. सोंगाड्याला निवेदक करा. तो संगीत नाटकात चुकून शिरलेला माणूस. ‘घर जळतंय ना? मग ह्यो बसून गातोय का?’ असं तो सरळ विचारतो. त्याच्या प्रश्नातूनच खोड समजते आणि लगेच पुढच्या पदात ती दिसते. प्रत्येक प्रवेशाआधी ३० ते ४० सेकंद, त्याहून जास्त नाही. वेशबदलालाही तेवढाच आडोसा मिळतो. हा पाचवा नट घ्यावा असं माझं मत आहे. चौघांपैकीच एकाला बाहेर काढलंत तर समूहपदं लंगडी पडतील.

आरंभी नांदी मात्र शुद्ध ठेवा. ‘शाकुंतल’ची नांदी लोक आजही आदराने ऐकतात. ती पूर्ण, सुरेल, जशी आहे तशी होऊ द्या. चौघं किती गाऊ शकतात हे तिथेच सिद्ध होतं आणि पुढच्या थट्टेचा अधिकार मिळतो.

---

काळी_एक

तबल्याच्या बाजूने एक व्यावहारिक गोष्ट, जी शेवटच्या आठवड्यात लक्षात येते आणि मग पळापळ होते: पट्ट्या, म्हणजे गायक पेटीची कुठली पट्टी ‘सा’ धरून गातो ते.

पुरुष काळी एक किंवा दोनमध्ये गाणार, बायका काळी चार-पाचमध्ये. चौदा प्रवेशांत पट्टी सारखी बदलली तर तबलजी हातोडी घेऊनच बसेल. सगळा कार्यक्रम दोनच दायांत (उजव्या हाताच्या तबल्यांत) बसवा. पुरुषांची पदं काळी एकमध्ये धरली, तर त्याचा पंचम (‘प’) काळी चार, म्हणजे एक दायां काळी एकचा आणि दुसरा काळी चारचा. काळी एकची पुरुषपदं पहिल्यावर, काळी चारची स्त्रीपदं दुसऱ्यावर. पुरुषाच्या पदात पंचम ठळक असेल तर काळी चारचा दायांही वाजवता येतो, सूर विसंवादी होत नाही. गायिकेला काळी चार उंच पडत असेल तर काळी तीन घ्या, तो काळी एकचा मध्यम (‘म’) आहे, आणि दुसरा दायां त्याला लावा. डग्गा (डाव्या हाताचा) एकच पुरतो.

स्त्री-पुरुष द्वंद्वपदात पट्टी एकच ठेवून बाईने मध्यमाला षड्ज मानून गायचं, ही जुनी सोय इथेही कामाला येते. पण तालमीत पहिल्या दिवसापासून तसंच गा. ऐनवेळी केलंत तर तिचे श्रुतिस्वर ढळतात.

दायां वातानुकूलित सभागृहात आणल्यावर उतरतो किंवा चढतो. निदान तासभर आधी रंगमंचावर उघडा ठेवा आणि मगच लावा. स्टेजवरचे दिवे पूर्ण लावून एकदा पुन्हा तपासा.

ऑर्गनबद्दल: आवाज सुंदर, पण तो शब्द झाकतो. गायक गात असताना भरणा कमी, फक्त सुरावटीची साथ. समेवर शब्द पडला की मग दोन्ही हातांनी भरा. ध्वनिव्यवस्थेत ऑर्गनला वेगळा माइक देण्याची २५० खुर्च्यांत बहुधा गरज पडत नाही. आधी माइकशिवाय ऐका. विडंबनाच्या कार्यक्रमात सुराआधी शब्द शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे. तालमीला एक माणूस कायम शेवटच्या रांगेत बसवा. संहिता न वाचलेला माणूस. त्याला ऐकू आलेली ओळ त्याने लिहून काढायची. जिथे चुकेल तिथे गायक नव्हे, बहुतेक वेळा शब्द बदलावा लागतो.

रेकॉर्ड केलेला ट्रॅक नको. हशाला थांबणं ट्रॅकला जमत नाही.

---

इस्त्रीपेटी

वेशबदल.

मूळ पोशाख सगळ्यांचा एकच: काळा बिनबाह्यांचा सुती सदरा आणि काळी चुडीदार. गालाजवळचा माइक आणि कमरेचा ट्रान्समीटर याच थरावर कायम राहतो, त्याला प्रयोगभर कुणी हात लावायचा नाही. त्यावर पात्राची एक-दोनच ठळक चिन्हं: शेला, पगडी, उपरणं, कमरपट्टा, अंबाडा. प्रेक्षक पात्र ओळखतो ते डोक्यावरून, त्यामुळे पैसे टोपांवर आणि पगड्यांवर खर्च करा.

नऊवारी खरी नेसायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. इथे शिवलेली नऊवारीच हवी, तीही मागे हुकऐवजी वेल्क्रो लावून. दोन मदतनीस असतील तर अर्ध्या मिनिटात अंगावर चढते. वेल्क्रोचा फर्रकन आवाज शांत प्रवेशात ऐकू येतो, म्हणून बदल कायम पेटी चालू असताना. फेटे बांधून, टाके घालून, टोपीसारखे तयार ठेवा. पगडीच्या आतून कपाळाला लागणारी सुती पट्टी चिकटवा, नाहीतर घामाने सरकते आणि माइकच्या तारेला घासून खरखर होते.

मिशा: स्पिरिट गमने लावलेली मिशी चांगली बसते, पण काढताना वेळ जातो आणि ओठावर लाल डाग राहतो. तोच नट पुढच्या प्रवेशात स्त्रीपात्र असेल तर मिशीचा विचारच करू नका. मिशी एकाच नटाला द्या आणि त्याची मिशीवाली पात्रं सलग लावा. किंवा मिशी हातातल्या काडीवर. अशा कार्यक्रमात ते खपून जातं, आणि छान दिसतं.

दोन्ही विंगांत भिंतीवर तक्ता: प्रवेश क्रमांक, कोण कुठून जातं, कुठून येतं, काय काढायचं, काय घालायचं, मधला वेळ सेकंदांत. ४० सेकंदांपेक्षा कमी वेळ दिसला तर प्रवेशांचा क्रम बदला, मदतनीसांवर भार टाकू नका. एका विंगेतून बाहेर पडून दुसऱ्या विंगेतून यायचं असेल तर मागून जायला किती वेळ लागतो हे त्या सभागृहात स्वतः चालून मोजा. काही ठिकाणी मागचा पडदा भिंतीला टेकलेला असतो आणि वाटच नसते.

मिट्ट अंधार टाळा. १३ वेळा ८ सेकंद अंधार केला तर पावणेदोन मिनिटं प्रेक्षक काहीच पाहत नाही, आणि प्रत्येक वेळी तापलेली हवा थंड होते.

---

कलम_बावन्न

हक्कांचा भाग. नाटककार आणि संगीतकार यांचे हक्क वेगवेगळे मोजा, इथेच लोक चुकतात. भारतात कॉपीराइटची मुदत ही मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं. ‘शारदा’चे गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, ‘एकच प्याला’चे गडकरी १९१९, ‘स्वयंवर’चे संगीतकार भास्करबुवा बखले १९२२. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची मुदत २००८ अखेर संपली. पण ‘मानापमान’चं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, ते १९५५ मध्ये गेले, म्हणून चाली २०१५ अखेर मोकळ्या झाल्या. ‘स्वयंवर’ शब्द आणि चाली दोन्हींनी मोकळं आहे. ‘कट्यार’ मोकळं नाही: त्याचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांचं निधन १९९८ मधलं, म्हणजे चाली २०५८ अखेरपर्यंत संरक्षित.

संरक्षित नाटकाचं विडंबन करताच येत नाही असं मात्र नाही. आपल्या कायद्यात ‘विडंबन’ असा वेगळा अपवाद नाही, पण कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेसाठी उचित वापराला मुभा आहे. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयासमोर नेमका नाटकाचाच खटला आला होता. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला सिविक चंद्रन यांनी त्यातलीच पात्रं आणि संवाद घेऊन प्रतिनाटक लिहिलं. न्यायालयाने ते टीकेसाठी केलेला उचित वापर मानलं. किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि मूळ नाटकाशी त्याची स्पर्धा होते का, हे तीन प्रश्न तिथे विचारले गेले. तुमच्या प्रत्येक प्रवेशाला हेच तीन प्रश्न विचारा.

म्हणून पायपेटी यांनी वर सांगितलेला फरक कायद्यातही कामाचा आहे. ‘कट्यार’च्या चालीवर ‘कट्यार’चीच खोड दाखवली तर ती त्या कृतीवरची टीका. तीच चाल घेऊन रस्त्यातले खड्डे गायलेत तर चाल फक्त उसनी घेतली, मग बचाव लंगडा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ च्या निकालात हाच भेद केला आहे. शंका असेल तिथे चाल घेऊच नका: त्याच रागात, त्याच तालात, त्याच बाजाची नवी चाल बांधा. राग आणि शैली यांवर कुणाचा हक्क नसतो. चौघं शिकलेले आहेत, त्यांना हे जमेल, आणि जाणकारांना ते अधिक आवडेल.

कलम ५७ लक्षात ठेवा: लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा विपर्यास झाला तर लेखक किंवा त्याचे वारस हरकत घेऊ शकतात. वारसांना आधी संहिता पाठवून पत्र लिहिणं कधीही बरं. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कलम ५२ मध्येच सूट आहे, पण तुम्ही तिकीट लावणार आहात, ती विसरा.

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते. निवेदन आणि सगळी पदं धरून पूर्ण संहिता द्या. सोंगाड्याच्या उत्स्फूर्त भरीसाठी निदान विषय लिहून ठेवा. मंजुरीनंतर नवा प्रवेश घातला तर तो पुन्हा दाखवावा लागतो, आणि असा कार्यक्रम बदलत राहणारच, तेव्हा पहिल्या खेपेला पाच-सहा जास्तीचे प्रवेश मंजूर करून ठेवा.

चित्रफीत आंतरजालावर टाकणार असाल तर मूळ ध्वनिमुद्रणाचा एकही तुकडा वापरू नका, पार्श्वसंगीतातसुद्धा.

---

दुसरी_रांग

सगळ्यांचे आभार. पट्ट्यांचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता. दोन प्रश्न उरले. एकूण लांबी कशी मोजावी? आणि प्रेक्षकांनी खरोखरच वन्समोअर दिला तर?

---

लघुगुरू

कागदावर ६५ मिनिटं ठेवा. हशा, टाळ्या आणि अडखळणं मिळून दहा मिनिटं आपोआप येतात. कुठलाही प्रवेश साडेतीन-चार मिनिटांवर नको. अंतरा एकच घ्या. दुसऱ्या अंतऱ्यात नवी खोड नसेल तर तो कापा, चाल कितीही गोड असली तरी. जाहीर प्रयोगाआधी दोनदा २५-३० माणसांपुढे करा. एकाने संहितेवर पेन्सिलने प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: हशा, हसू, शांत. सलग तीन ‘शांत’ आले की ती जागा पुन्हा लिहायची.

वन्समोअरसाठी फक्त दोन पदं आधीच निवडा आणि त्यांचं दुसरं, वेगळं कडवं लिहून तयार ठेवा. तेच शब्द पुन्हा म्हटले तर विनोद दुसऱ्यांदा चालत नाही. वन्समोअर आला, पेटीने मुखडा धरला, आणि गायकाने नवीन कडव्यात वन्समोअर देणाऱ्यालाच विचारलं की शेवटची लोकल किती वाजता आहे, तर तो प्रवेश तिथे पूर्ण होतो. उरलेल्या पदांना वन्समोअर आला तर सोंगाड्याने घड्याळ दाखवून पुढे न्यायचं. ते कडवंही मंडळाकडे जाणाऱ्या संहितेत घाला.

---

काळी_एक

आणि त्या दोन्ही पदांना दायां तोच राहील असं पाहा. वन्समोअरच्या वेळी तबला बदलायला कुणी थांबणार नाही.